अर्गोब्बा कोण? घाटउतारावर टिकून राहिलेल्या एका समाजाविषयी

प्रश्न तीन पदरी आहे. इथिओपियातले अर्गोब्बा हा स्वतंत्र समाज आहे, की अम्हारा लोकांतलेच मुसलमान? ते स्वतःला अरबांचे वंशज सांगतात, ते कितपत खरं? आणि त्यांची भाषा जर संपत आली असेल, तर आणखी दोन पिढ्यांनी अर्गोब्बा म्हणवणारं कुणी उरेल का? पूर्व आफ्रिकेचा इतिहास शिकवणं आणि त्यावर संशोधन करणं हाच माझा व्यवसाय, आणि अर्गोब्बा हा त्यातला मला सगळ्यात जवळचा विषय. त्यामुळे उत्तर लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, स्वतंत्र आहेत. दुसऱ्याचं: अरबस्तानाशी संबंध खरा, पण अख्खा समाज तिकडून आला हे खरं नाही. तिसऱ्याचं उत्तर द्यायला आधी बराच इतिहास सांगावा लागेल.

सुरुवात भूगोलापासून करतो, कारण अर्गोब्बांचं निम्मं कोडं तिथेच सुटतं. इथिओपियाचं मधलं पठार पूर्वेला एकाएकी तुटतं आणि खाली अफारचं तापलेलं, कोरडं मैदान सुरू होतं. सह्याद्रीचा घाटमाथा आणि तळकोकण डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे डोंगर आणखी उंच आणि खालचा मुलूख रखरखीत. माथ्यावर थंडी, तिथे गहू नि बार्ली पिकवणारे ख्रिस्ती अम्हारा शेतकरी. खाली उंट आणि शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणारे अफार. आणि मधल्या उतारावर, जिथे ज्वारी, कापूस आणि खात ही पानांची झुडपं येतात, तिथे अर्गोब्बा. उत्तरेला वोल्लो प्रांतातल्या शोंके आणि तोल्लाहा या डोंगरी गावांपासून ही वस्ती सुरू होते, शेवा रोबितच्या आसपासच्या टेकड्यांतून शेवा राज्याची जुनी राजधानी अंकोबर, तिच्या पायथ्याशी आलियू अंबाला येते, पुढे अफार प्रदेशातल्या गाचिनेपर्यंत जाते. मग मोठी तूट पडते, आणि थेट आग्नेयेला हरार शहराच्या अवतीभवतीच्या डोंगरांत पुन्हा अर्गोब्बा भेटतात. ही तूट लक्षात ठेवा, तिचं कारण पुढे येईल.

घाटउतारावर राहणाऱ्याला दोन्हीकडची गरज असते आणि दोघांनाही त्याची गरज असते. अफारमधलं मीठ वर चढायचं तर वाट यांच्या गावातून. पठारावरचं धान्य, कातडी, कस्तुरीमांजराचा सुगंधी मद, हस्तिदंत खाली समुद्राकडे न्यायचं तर तेही यांच्याच हातून. म्हणून अर्गोब्बा पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी, विणकर आणि व्यापारी असे तिन्ही राहिले. यामागे आणखी एक कारण होतं. ख्रिस्ती राज्यात मुसलमानांना जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क, ज्याला तिकडे 'रिस्त' म्हणतात, सहसा मिळत नसे. माथ्यावरच्या जमिनीचा रस्ताच बंद, मग माग आणि बाजार हीच त्यांची शेती झाली. त्यांना 'मुळातच व्यापारी वृत्तीचे' म्हणून मोकळं होणारं लिखाण मला पटत नाही. वृत्तीच्या आधी जमिनीचा कायदा पाहिला पाहिजे.

आता इतिहास. शेवा या भागात मखझूमी नावाचं एक मुसलमान राजघराणं नांदत होतं. परंपरा त्याची सुरुवात नवव्या शतकाच्या अखेरीस धरते. त्याची एक त्रोटक अरबी बखर इटालियन अभ्यासक एन्रिको चेरुली यांनी उजेडात आणली. 1285 च्या सुमाराला वलश्मा घराण्याने ही सत्ता बुडवली आणि इफातची सल्तनत उभी केली. इफात म्हणजे नेमका तोच घाटउतार, जिथे आजचे उत्तरेकडचे अर्गोब्बा राहतात. चौदाव्या शतकात कैरोमध्ये मामलुक दरबारात काम करणारा अल्‌-उमरी हबश देशातली सात मुसलमान राज्यं मोजतो: इफात, दवारो, अरबाबनी, हदिया, शर्खा, बाली आणि दारा. झैला बंदराकडून येणारा व्यापार हाताशी असल्याने त्या सातांत इफातचं वजन मोठं होतं. त्याच मुलखाला तो जबरत असंही म्हणतो. कैरोचा प्रसिद्ध इतिहासकार अब्दुल रहमान अल्‌-जबरती, ज्याने नेपोलियनच्या फौजेला शहरात शिरताना पाहिलं आणि लिहून ठेवलं, त्याचे पूर्वज याच भागातून गेलेले. कैरोच्या अल्‌-अजहर या विद्यापीठात जबरती विद्यार्थ्यांसाठी वेगळी ओवरी होती. इतक्या जुन्या काळापासून या डोंगरांतली मुलं शिकायला कैरोपर्यंत जात, हे अर्गोब्बांच्या धार्मिक प्रतिष्ठेचं मूळ समजायला उपयोगी पडतं.

1332 मध्ये ख्रिस्ती सम्राट अम्दा सेयोन आणि इफातचा सुलतान सब्र अद्‌-दीन यांच्यात मोठं युद्ध झालं. त्या मोहिमेची दरबारी बखर गेएझ या इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेत उपलब्ध आहे. तिच्यात सब्र अद्‌-दीनच्या तोंडी एक दर्पोक्ती घातली आहे: राजधानी जिंकून तिथे मी खात लावीन, कारण मुसलमानांना ते झाड आवडतं. खातची पानं चघळल्याने झोप उडते, रात्रभराच्या जपाला आणि पाठांतराला ती लागतात. आजही अर्गोब्बा गावांत दुवा मागायला माणसं जमली की मधोमध खातची जुडी असते. शत्रूच्या बखरकाराने टोमणा म्हणून लिहिलेलं वाक्य त्या समाजाच्या सवयीचा सातशे वर्षांपूर्वीचा पुरावा ठरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सब्र अद्‌-दीन हरला, इफात मांडलिक झालं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सुलतान साद अद्‌-दीन झैलाजवळ मारला गेला, त्याची मुलं येमेनला पळाली आणि परत येऊन त्यांनी अदल नावाने पूर्वेला नवं राज्य वसवलं. वलश्मांची गादी अशी घाटावरून खाली हरारकडे सरकली. उतारावरची साधी माणसं मात्र, निदान त्यांतली बरीच, जागच्या जागी राहिली. फ्राँस्वा-झाव्हिए फोव्हेल आणि बेर्त्राँ हिर्श या फ्रेंच अभ्यासकांच्या चमूने या शतकाच्या सुरुवातीला इफातमध्ये नोरा, अस्बरी, मसल अशा उजाड दगडी गावांचा शोध घेतला. डोंगराच्या सोंडेवर दाटीने बांधलेली घरं, मेहराब शाबूत असलेल्या मशिदी, मोठाल्या दफनभूमी. ते दगडकाम आणि शोंकेसारख्या आजच्या वस्तीतलं सपाट छपराच्या घरांचं दगडकाम शेजारी शेजारी ठेवलं तर नातं सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही.

तरीही इथे मी एक लगाम घालतो, कारण उत्साहात लोक 'इफातची सल्तनत म्हणजेच अर्गोब्बांचं राज्य' असं लिहून मोकळे होतात. इफातमध्ये अनेक भाषा बोलणारे लोक होते: आजच्या अफार आणि सोमालींचे पूर्वज, हर्ला म्हणून नोंदलेले लोक, आणखीही कितीतरी. राजघराणं एका वंशाचं आणि प्रजा त्याच वंशाची हे समीकरण त्या काळाला लागूच पडत नाही. इतकंच नक्की म्हणता येतं की इफातच्या त्या मिश्र समाजापैकी जे त्याच उतारावर, सेमिटिक (अरबी, हिब्रूही ज्या मोठ्या कुळात येतात त्यातली) भाषा बोलत आणि इस्लाम पाळत टिकून राहिले, ते आजचे अर्गोब्बा. राज्याचे सगळे वारस ते नसतील, पण त्या जागेचे वारस तेच.

सोळाव्या शतकात अदलचा इमाम अहमद इब्न इब्राहिम, ज्याला ख्रिस्ती लोक ग्रान म्हणजे डावखुरा म्हणत, त्याने 1529 मध्ये शिंब्रा कुरेच्या लढाईत सम्राटाच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि पुढची चौदा वर्षं पठार ढवळून काढलं. या युद्धाचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. ख्रिस्ती राज्याच्या मदतीला 1541 मध्ये जे पोर्तुगीज आरमार तांबड्या समुद्रात गेलं, ते गोव्याहून निघालं होतं. गोव्याचा गव्हर्नर एस्तेव्हांव द गामा स्वतः त्यावर होता, आणि मसावाला उतरलेल्या सुमारे 400 बंदूकधाऱ्यांचं नेतृत्व त्याचा भाऊ क्रिस्तोव्हांव याच्याकडे होतं. वास्को द गामाची ही मुलं. क्रिस्तोव्हांव पुढच्याच वर्षी पकडला जाऊन मारला गेला, पण उरलेल्या तुकडीच्या बळावर 1543 मध्ये अहमदचा शेवट झाला.

या युद्धाने दोन्ही बाजू रक्तबंबाळ झाल्या आणि त्या पोकळीत दक्षिणेकडून ओरोमो हे गुराखी लोक पसरत आले. आधी सांगितलेली तूट इथे पडली. अंकोबरचा उतार आणि हरार यांच्यामधला पट्टा ओरोमो वस्तीचा झाला आणि एकसलग मुसलमान मुलूख तुटून उत्तरेचे अर्गोब्बा एकीकडे, हरारचे दुसरीकडे राहिले. पुढच्या चार शतकांत उत्तरेकडच्यांवर अम्हारिकचा, म्हणजे अम्हारांच्या भाषेचा, लेप चढला, दक्षिणेकडच्यांवर ओरोमो भाषेचा. हरारच्या आग्नेयेला कोरेमी नावाचं दगडी गाव आहे, एरेरच्या खोऱ्याकडे तोंड करून उभं. तिथले लोक स्वतःला अर्गोब्बा म्हणतात आणि बोलतात ओरोमो. हरारच्या तटाला जे पाच जुने दरवाजे आहेत, त्यांतल्या पूर्वेच्या दरवाजाचं नाव 'अर्गोब बारी', अर्गोब्बांचा दरवाजा. मुंबई फौजेतला अधिकारी रिचर्ड बर्टन वाटेत अरब व्यापाऱ्याचा वेष घेऊन, पण अखेर इंग्रज म्हणूनच 1855 च्या जानेवारीत हरारमध्ये शिरला, त्यानेही दरवाजांच्या यादीत हे नाव दिलं आहे.

अरब वंशाचा प्रश्न आता घेतो. उत्तरेकडचे अर्गोब्बा आपली वंशावळ वलश्मांपर्यंत आणि तिथून कुरैशांपर्यंत, म्हणजे पैगंबरांच्या टोळीपर्यंत, नेतात. दक्षिणेकडचे अरबस्तानातून आलेल्या धर्मोपदेशकांच्या गोष्टी सांगतात. समाजाचं नावच 'अरब गब्बा', म्हणजे 'अरब आत आले', यावरून पडलं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ही व्युत्पत्ती मागाहून सुचलेली आहे आणि तिच्यावर भार टाकू नये. भाषा याबाबतीत स्पष्ट साक्ष देते. अर्गोब्बा ही अरबीची लेक नाही. ती अम्हारिक, हरारी, गुरागे भाषांच्या कुळातली, इथिओपियाच्या मातीत वाढलेली सेमिटिक भाषा आहे. अरबी शब्द तिच्यात धर्माच्या वाटेने आले. लोकसमूह जर अरबस्तानातून आला असता तर भाषेत त्याचा वेगळाच ठसा दिसला असता.

मग वंशावळी खोट्या का? मी तसं म्हणणार नाही. झैलामार्गे अरब व्यापारी आणि विद्वान येत, लग्नं करत, स्थायिक होत, यात शंका नाही. काही घराण्यांच्या वंशावळीत असा एखादा पूर्वज खरोखर असेल. पण त्याहून मोठं काम या वंशावळीने केलं. बलाढ्य ख्रिस्ती राज्याच्या कुशीत राहणाऱ्या, जमिनीचा हक्क नाकारलेल्या समाजाला तिने सांगितलं की तुम्ही कुणाचे आश्रित नाही, तुमचं कूळ या राजांच्याहून जुनं आहे. ती वंशावळ जपली गेली, लग्नं शक्यतो आपसांतच झाली, आणि आसपासचे ओरोमो इस्लामकडे वळले तेव्हा त्यांना शिकवायला अर्गोब्बा शेख गेले. अम्हारा ख्रिस्ती सम्राटांची गादी सॉलोमन आणि शेबाच्या राणीपर्यंत वंश नेत होती. तिच्याशेजारी उभं राहायचं तर तितकीच उंच वंशावळ लागते.

एकोणिसाव्या शतकात या समाजाचं जवळून वर्णन आपल्याला मिळतं, आणि ते मुंबईच्या कागदपत्रांमुळे मिळतं हे मराठी वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावं. शेवाचा राजा साहले सेलासी (कारकीर्द 1813 ते 1847) याच्याशी तह करायला मुंबई सरकारने 1841 मध्ये एक शिष्टमंडळ पाठवलं. त्याचा प्रमुख कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस, बॉम्बे इंजिनिअर्सचा अधिकारी. एडनहून ताजुराच्या किनाऱ्याला उतरून, अफारचं वाळवंट तुडवून ही मंडळी घाटाच्या तळाशी फर्रीला पोचली. तिथे त्यांची अडवणूक करायला आणि स्वागत करायलाही उभा होता तो वलस्मा मोहम्मद, इफातचा सुभेदार. ख्रिस्ती राजाच्या पदरी मुसलमान सुभेदार, आणि पदवीचं नाव वलस्मा! 1285 मध्ये सल्तनत उभारणाऱ्या घराण्याचं नाव साडेपाचशे वर्षांनी एका सीमारक्षकाच्या हुद्द्याचं नाव होऊन राहिलं होतं. राज्य गेलं, पण घाटाची किल्ली त्याच नावाकडे राहिली. सीमेवरची जकात त्याच्या हाती होती. गोंचो इथला राजकैद्यांचा तुरुंगही त्याच्याच ताब्यात होता, आणि गादीवर हक्क सांगू शकतील असे राजाचे सख्खे भाऊ तिथे बंदिवासात होते. ख्रिस्ती राजाने आपल्या भाऊबंदांची कुलपं मुसलमान सुभेदाराकडे का द्यावीत? कारण ख्रिस्ती सरदाराने एखाद्या राजपुत्राला हाताशी धरून बंड केलं असतं. वलस्माला ते करून काहीच मिळणार नव्हतं. दोन जगांच्या मध्ये असण्याची ही ताकद होती, आणि तिची मर्यादाही हीच.

हॅरिसचं प्रवासवर्णन वाचताना मन घट्ट करावं लागतं. स्थानिक लोकांविषयी त्याची भाषा तुच्छतेची आहे. त्याच सुमारास आलियू अंबात मुक्काम करून राहिलेला चार्ल्स जॉन्स्टन अधिक जवळून आणि अधिक माणुसकीने पाहतो. दोघांच्या लिखाणातून आलियू अंबाचं चित्र उभं राहतं: डोंगरावरच्या राजधानीखाली वसलेलं मुसलमान गाव, तिथे हरारचे व्यापारी, अफारचे उंटवाले, मिठाच्या वड्या चलन म्हणून मोजणारे सावकार, कापूस, कापड, कॉफी. आणि जवळच अब्दुल रसूल इथे गुलामांचा बाजार. दक्षिणेकडून पकडून आणलेली माणसं तिथे विकली जात आणि ताजुरा-झैलामार्गे समुद्रापार जात. या व्यापारात मुसलमान व्यापारी होते, त्यावर कर घेणारा राजा ख्रिस्ती होता, आणि अर्गोब्बा गावं वाटेवर होती. अर्गोब्बांवरचा जिव्हाळा मला हे पान झाकू देत नाही.

इथे आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न येतो: मलिक अंबर अर्गोब्बा होता का? नाही. त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यात झाला, बहुतेक अभ्यासक हरारच्या परिसराकडे बोट दाखवतात आणि त्याचं मूळ ओरोमो असावं असं अनेकांचं मत आहे. तो लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि मुसलमान झाला तो त्यानंतर. अर्गोब्बा जन्मतः मुसलमान, आणि शरियतप्रमाणे मुसलमानाला गुलाम करता येत नाही. तो नियम मोडला जात असे, पण आपल्याकडे 'हबशी' म्हणून आलेल्यांत बहुसंख्य दक्षिणेकडच्या, त्या वेळी मुसलमान नसलेल्या समाजांतले होते, याचं एक कारण तो नियमही आहे. अहमदनगरच्या निजामशाहीशी किंवा जंजिऱ्याशी अर्गोब्बांचं नातं लावायचं तर ते वाटेचं आहे, रक्ताचं नाही.

पुढची पन्नास-साठ वर्षं अर्गोब्बांना कठीण गेली. 1878 मध्ये सम्राट योहान्नेस चौथा याने वोल्लोतल्या बोरू मेदा इथे परिषद भरवली आणि त्यानंतर मुसलमानांवर ख्रिस्ती होण्याची सक्ती सुरू झाली. वोल्लोच्या बड्या सरदारांनी बाप्तिस्मा घेतला. मोहम्मद अली हा रास मिकाएल झाला. साध्या माणसांना पळणं, लढणं किंवा दिवसा चर्चमध्ये आणि रात्री नमाजाला उभं राहणं एवढेच मार्ग होते. शोंकेसारखी चढून जायला अवघड गावं अशा काळात किल्ल्यांइतकी महत्त्वाची ठरली. शेख जौहर बिन हैदर यांच्यासारख्या सूफी विद्वानांमुळे शोंकेचं नाव वोल्लोभर झालं. या भागातली 'मन्झूमा' नावाची भक्तिगीतं, अम्हारिक शब्द अरबी लिपीत लिहिण्याची परंपरा, यांना अशाच केंद्रांनी जगवलं.

सक्ती ओसरली, पण पाठोपाठ व्यापारच गेला. शेवाचा राजा मेनेलिक याने 1887 मध्ये हरार घेतलं, राजधानी अंकोबरहून अदिस अबाबाला हलली, आणि जिबूतीहून येणारी रेल्वे 1902 मध्ये दिरे दावाला आणि 1917 मध्ये अदिस अबाबाला पोचली. समुद्राकडे जाणारा माल आता आलियू अंबावरून जायची गरजच उरली नाही. इटालियनांनी नंतर बांधलेला देसीए शहराकडचा रस्ताही तर्माबेरच्या बोगद्यातून शेवा रोबितकडे उतरला, जुनी वाट बाजूला पडली. धर्माच्या छळाने अर्गोब्बांना जितकं विखुरलं नाही तितकं या रुळांनी विखुरलं असं माझं मत आहे. माणसं शहरांत गेली, तिथे अम्हारिक बोलू लागली, आणि कुणी विचारलं तर नुसतं 'मुसलमान' एवढंच सांगू लागली.

भाषेबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं, कारण 'अर्गोब्बा ही अम्हारिकचीच बोली' हे विधान अजून अनेक ठिकाणी छापलं जातं आणि त्यावरूनच 'मग लोकही अम्हाराच' असा निष्कर्ष काढला जातो. दोन्ही भाषा जवळच्या आहेत हे खरं. भाषाशास्त्रज्ञ त्यांना एकाच उपगटात ठेवतात. पण जवळच्या म्हणजे एक नव्हे. जुन्या सेमिटिक भाषांतले कंठातून येणारे वर्ण अम्हारिकमध्ये बहुतांशी गळून पडले. अर्गोब्बात त्यांच्या जागी 'ह' टिकला. 'एक' या संख्येला अम्हारिक 'अंद' म्हणते, अर्गोब्बा 'हंद'. क्रियापदांच्या रूपांतही असे फरक आहेत.

गोंधळ झाला तो नमुना कुठून घेतला यामुळे. वोल्फ लेस्लाऊ या मोठ्या भाषाशास्त्रज्ञाने अर्गोब्बाचं व्याकरण आणि कोश सिद्ध केला, आणि त्याचं ऋण कुणीही नाकारणार नाही. पण त्याची सामग्री प्रामुख्याने आलियू अंबाकडची, म्हणजे राजधानीच्या सावलीत राहून अम्हारिकमध्ये आधीच बुडालेल्या ठिकाणची. आंद्रेआस वेटर यांनी पुढे शोंके आणि तोल्लाहा इथलं बोलणं तपासलं तेव्हा तिथे भाषा कितीतरी वेगळी आणि जिवंत आढळली. बाजारपेठेच्या गावात भाषा पातळ होते, कड्यावरच्या गावात दाट राहते. या विषयावर कुणी तरुण अभ्यासक काम करू म्हणत असेल, तर त्याने आधी कुठल्या गावातलं बोलणं नोंदलंय हे पाहावं आणि मगच 'बोली की भाषा' या वादात पडावं.

आता आकडे. 1994 च्या जनगणनेत स्वतःला अर्गोब्बा म्हणवणारे सुमारे 63 हजार होते. 2007 मध्ये ते सुमारे 1 लाख 40 हजार झाले. तेरा वर्षांत दुपटीहून जास्त. एवढी वाढ पाळण्यांमुळे होत नाही. ती राज्यघटनेमुळे झाली. 1991 मध्ये लष्करी राजवट गेली, 1995 च्या संविधानाने देश वांशिक तत्त्वावरच्या प्रदेशांचा संघ केला आणि कलम 39 ने प्रत्येक 'राष्ट्र, राष्ट्रीयत्व आणि लोकसमूह' यांना भाषा, संस्कृती आणि स्वशासनाचा हक्क दिला. एरवी अम्हारा किंवा ओरोमो म्हणून मोजली गेलेली माणसं आता नावानिशी पुढे आली. अम्हारा प्रदेशात एक आणि अफार प्रदेशात एक असे दोन विशेष अर्गोब्बा वोरेडा, म्हणजे तालुक्यासारखे विभाग, तयार झाले. अल्पसंख्य समाजांसाठी संसदेत किमान 20 जागा राखणाऱ्या तरतुदीमुळे अर्गोब्बांच्या स्वतःच्या पक्षाचा प्रतिनिधी तिथे बसू लागला.

यात एक जाच आहे, आणि तो संविधानाच्या व्याख्येतच आहे. त्या व्याख्येत समान संस्कृती, परस्परांना समजणारी भाषा, एकसलग प्रदेश, आपण एक आहोत ही जाणीव अशा कसोट्या आहेत. अर्गोब्बांचा प्रदेश सलग नाही, तो दोन-तीन प्रादेशिक राज्यांत चिरला गेलाय. आणि 2007 च्या त्याच जनगणनेत अर्गोब्बा ही मातृभाषा सांगणारे सुमारे 44 हजारच निघाले, म्हणजे समाजाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. इतिहासात ज्या मधल्या जागेने त्यांना जगवलं, तीच जागा नकाशावर रेघा ओढणाऱ्या राज्यव्यवस्थेत अडचणीची झाली. पठार आणि मैदान यांच्यातला दुवा असणं ही आता पात्रता नाही. अमुक हद्दीतलं बहुमत असणं ही पात्रता आहे. हद्दींची ही भांडणं पुढे रक्तरंजित झाली. 2021 मध्ये शेवा रोबित आणि अताये या पट्ट्यात जो हिंसाचार उसळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तरेचं तिग्रायचं युद्ध शेवा रोबितपर्यंत उतरलं, त्यात मोठ्या समाजांच्या मारामारीत सापडलेल्या छोट्या समाजांच्या व्यथा बातम्यांत क्वचितच आल्या. मला त्या वर्षी सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती.

आता राहिलेला तिसरा प्रश्न: भाषा गेली तर अर्गोब्बा उरतील का? भाषेचं जाणं हे माझ्या दृष्टीने खरंखुरं नुकसान आहे आणि शोंके-तोल्लाहातलं बोलणं मुलांपर्यंत पोचावं यासाठी जे काही करता येईल ते करायला हवं. शाळेतलं माध्यम, गेएझ लिपीतली पुस्तकं, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या मन्झूमांचं ध्वनिमुद्रण, सगळंच. पण जे म्हणतात की भाषेबरोबर समाज विरेल, त्यांना मी कोरेमीचं उदाहरण देतो. तिथली अर्गोब्बा भाषा केव्हाच गेली. घरं तशीच दगडाची आहेत, आपण कुठल्या शेखाच्या कुळातले ते माहीत आहे, आणि शेजारच्या ओरोमो गावाशी तीच भाषा बोलूनही आपण वेगळे आहोत हे दोन्ही गावांना मान्य आहे. उत्तरेला अम्हारिक बोलणाऱ्या अर्गोब्बा घरातही हेच दिसतं: शेजारच्या ख्रिस्ती अम्हारा कुटुंबाशी भाषा एक, पण ताटातलं मांस कुणी कापलं, मुलगी कुणाकडे द्यायची, कुणाच्या दर्ग्यावर नवस बोलायचा हे सगळं वेगळं. तेव्हा जनगणनेतला भाषेचा रकाना पाहून अर्गोब्बांची संख्या ठरवू नका. वंशाचा रकाना पाहा, आणि जमलं तर शेवा रोबितच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसलेल्या दुकानदाराला तुमचं गाव कुठलं एवढं विचारा. तो आधी डोंगरावरच्या गावाचं नाव सांगेल, मग आजोबांचं, आणि मग चहा मागवून वलश्मांपासून सुरुवात करेल.